गुडघा कोणाचा?

‘बाळाचे पाय पाळण्यात दिसतात’ ही म्हण आपण कौतुकानं वापरतो. आजी वापरते, मामा वापरतो, पाचवीतल्या पोरानं शंभर मीटरची शर्यत जिंकली की शाळेतले सरही वापरतात. पण पाळण्यावर वाकून पाय बघणारा माणूस कोण, हे म्हण सांगत नाही. आजी असेल तर तिला त्या पायांवरून काही ठरवायचं नसतं. पाय वाकडे निघाले तरी ती तेल लावून चोळणारच. बघणारा विकत घ्यायला आलेला असेल तर मात्र तेच बघणं वेगळं होतं. तो त्या पायांत पुढची चार-पाच वर्षं शोधत असतो.

मला या दुसऱ्या बघण्याबद्दल बोलायचं आहे. खेळणाऱ्या पोराकडे बघून ‘हा किती चालेल’ याचा अंदाज बांधणं, त्या अंदाजावर पैसे लावणं, आणि त्यासाठी त्याच्या शरीराची आतली माहिती मागणं. यात कुठपर्यंत ठीक, आणि कुठून पुढे नाही? मी नरखेड तालुक्यातल्या एका शाळेत शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी कबड्डीच्या स्पर्धांत पंच म्हणून उभा राहतो. हा प्रश्न माझ्याकडे पुस्तकातून आला नाही, एका गुडघ्यातून आला.

अंदाजाचा धंदा आमच्याकडे नवा नाही. नरखेड, मोवाड, जलालखेडा, सावरगाव, कुठेही जा, संत्र्याचे बगीचे आहेत आणि फळ हिरवं असतानाच ते बघायला येणारे व्यापारी आहेत. व्यापारी बगीच्यात शिरतो, मान वर करून चालतो, चार झाडं नीट बघतो, चाळीस झाडं नुसती बघितल्यासारखी करतो आणि बांधावर येऊन एक आकडा सांगतो. ठोक सौदा असेल तर तोच आकडा. इसार हातात पडला की पुढची गारपीट, पुढची फळगळ, पुढचा भाव बऱ्याच अंशी त्याच्या डोक्यावर. वजनावर सौदा असेल तर तोडणी होऊन काटा होईपर्यंत धाकधूक शेतकऱ्याची. म्हणजे सौदा कसा करायचा, या प्रश्नाच्या आत दुसरा प्रश्न असतो: अंदाज चुकला तर कोण मरणार?

आणखी एक गोष्ट हा व्यापारी बघतो. मागच्या वर्षी झाड किती लागलं होतं? ज्या झाडानं एका बहारात भरभरून दिलं, ते पुढच्या बहारात थकलेलं असू शकतं. फांद्यांत सल किती आहे, पानाचा रंग कसा आहे, यावरून ते कळतं. मुळात बहार धरायचा तर झाडाला ताण द्यावा लागतो. पाणी तोडायचं, झाड तहानलं की मग पाणी सोडायचं, तेव्हा ते फुलतं. अंबिया बहाराचा ताण थंडीत, मृगाचा उन्हाळ्यात. ताण जास्त झाला तर झाड खचतं. हे सगळं आमच्याकडे दहावी नापास पोरगाही तुम्हाला सांगेल.

आता हीच नजर पोरांवर आली आहे. २०१४ मध्ये प्रो कबड्डीचा पहिला लिलाव झाला तेव्हा सगळ्यात महाग खेळाडू होता राकेश कुमार, १२.८ लाखांचा. चारच वर्षांनी, २०१८ च्या लिलावात, मोनू गोयतवर १.५१ कोटींची बोली लागली. मातीत खेळणाऱ्या पोरांच्या घरी त्या आकड्यांनी काय केलं असेल, ते वेगळं सांगायला नको. पूर्वी गावच्या स्पर्धेत जिंकलं तर ढाल, थोडे पैसे आणि बसस्टँडवर लागलेला फोटो. आता मॅटच्या कडेला मोबाइल धरून उभं राहिलेलं कुणीतरी असतं, आणि व्हिडिओ कुठेतरी जातो. वजन गटाच्या स्पर्धेत काटा पुढे जाऊ नये म्हणून सकाळपासून उपाशी राहिलेली पोरं मी बघतो. त्यांच्या डोक्यात ढाल नसते, तो व्हिडिओ असतो.

महाराष्ट्रातलं सगळ्यात बोलकं उदाहरण सिद्धार्थ देसाईचं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा हा उंचापुरा चढाईपटू. यू मुंबानं २०१८ मध्ये त्याला ३६.४ लाखांना घेतलं. पहिल्याच हंगामात त्यानं चढाईचे दोनशेहून जास्त गुण मिळवले आणि २०१९ मध्ये तेलुगू टायटन्सनं त्याच्यासाठी १.४५ कोटी मोजले. मग दुखापत आली. २०२२ मध्ये त्याच संघानं त्याला घेतलं ते २० लाखांना. पुढच्याच वर्षी हरयाणा स्टीलर्सनं १ कोटी दिले. ३६ लाख, १४५ लाख, २० लाख, १०० लाख. माणूस तोच. चंदगडचा, तेवढ्याच उंचीचा, तशीच उडी मारणारा. मग हे वरखाली काय होत होतं? वरखाली होत होता लोकांचा अंदाज, की हे शरीर आता किती टिकेल.

यात कुणी दुष्ट नाही, हे आधी सांगतो. लिलावात बसलेल्या माणसाकडे ठरावीक रक्कम असते, त्यात अख्खा संघ उभा करायचा असतो. त्यानं डोळे मिटून बोली लावावी असं म्हणण्यात अर्थ नाही. पण कोणत्या कामासाठी कुणाला घेतलं जातं यावर बरंच ठरतं, आणि चढाईपटूचं काम विशेष आहे. तीस सेकंदांसाठी एकटा माणूस सात जणांत शिरतो. ते सातही जण त्याच्या घोट्यावर, मांडीवर, कमरेवर टपलेले. पकड बसली की सगळं वजन एका वळलेल्या गुडघ्यावर येतं. पवन सेहरावतला २०२२ मध्ये तमिळ थलायवाजनं २.२६ कोटींना घेतलं. हंगामातल्या पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि पूर्ण हंगाम संपला. पुढच्या लिलावात त्याला त्याहून जास्त, २.६० कोटींच्या वर मिळाले. पण तो पवन होता. आधी नाव झालेलं होतं. पहिल्या निवडीच्या आधीच ज्याचा गुडघा जातो, त्याची बातमी होत नाही.

अशाच कामाचा एक खेळाडू अमेरिकी फुटबॉलमध्ये असतो, रनिंग बॅक. चेंडू छातीशी धरायचा आणि समोरच्या अकरा जणांच्या भिंतीत घुसायचं. तिथले व्यावसायिक संघ दरवर्षी कॉलेजच्या पोरांमधून निवड करतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. ३२ संघ, सात फेऱ्या, आणि कोणत्या संघात जायचं हे पोरगा ठरवत नाही. त्याआधी इंडियानापोलिस शहरात मोजमाप होतं: ४० यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर, किती सेकंदांत, १०२ किलोचा बार किती वेळा, उभ्यानं उडी किती, तळहात केवढा. वेगवेगळ्या संघांचे डॉक्टर एकाच पोराचे सांधे आळीपाळीनं वाकवून बघतात. पोलीस भरतीला जाऊन आलेल्यांना हे फार परकं वाटणार नाही. आपल्याकडेही १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक, छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर आणि फुगवून पाच जास्त. फरक इतकाच की भरतीचा साहेब आजचा पाय मोजतो. तिथला माणूस उद्याचा मोजायला बघतो.

त्या मोजणीतली एक विचित्र गोष्ट मला सोडत नाही. कॉलेजात जो पोरगा खूप पळाला, त्यानं आपण किती चांगले आहोत ते दाखवून दिलं. पण तेवढंच त्यानं आपलं शरीर खर्चही केलं. म्हणून बघणारे त्याच्या नावापुढे दोन्ही लिहितात: सिद्ध झालेला, आणि वापरलेला. गुण आणि दोष एकच. आमच्या बगीच्यातलं भरभरून लागलेलं झाड. आणि ज्या काळात तो असा खर्च होत होता, त्या काळात त्याला पगार नसायचा, शिष्यवृत्ती असायची. (२०२१ पासून तिथल्या कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात. त्याआधी तेही नव्हतं.) शाळा संपल्यावर तीन वर्षं झाल्याशिवाय व्यावसायिक संघात येता येत नाही, असाही नियम. मॉरिस क्लॅरेट नावाच्या रनिंग बॅकनं त्याविरुद्ध कोर्टात दाद मागितली. २००४ मध्ये अपील कोर्टात तो हरला. निकाल लिहिणाऱ्या न्यायाधीश सोनिया सोटोमायोर पुढे तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. क्लॅरेट मुख्य लीगमध्ये एकही सामना खेळला नाही.

मार्कस लॅटिमोरची गोष्ट त्याहून साधी आणि म्हणून जास्त लागणारी. साउथ कॅरोलायना विद्यापीठाचा हा रनिंग बॅक पहिल्या फेरीत जाणार असं बोललं जायचं. २०११ मध्ये एक गुडघा गेला. तो परत आला. २०१२ मध्ये दुसरा गुडघा भर मैदानात निखळला. २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संघानं त्याला चौथ्या फेरीत घेतलं, वाट बघितली. नोव्हेंबर २०१४ मध्ये, एकही सामना न खेळता, त्यानं खेळ सोडला. तेव्हा तो अवघा २३ वर्षांचा होता.

आता माझ्या गुडघ्याकडे येतो. म्हणजे आमच्या गावातल्या पोराच्या.

एकोणीस वर्षांचा, बाप दुसऱ्याच्या बगीच्यात तोडणीला जाणारा. चढाईला निघाला की मध्यरेषेवरून निदान रेषेपर्यंत कधी गेला ते कळत नाही. बोनसला पाय टाकताना मागचा पाय हवेत ठेवायचं त्याला कुणी शिकवलेलं नाही, तो ते उपजत करतो. मागच्या हिवाळ्यात एका स्पर्धेत त्याचा उजवा गुडघा वळला. सूज आली, उतरली. नागपूरला एमआरआय केला. लिगामेंट पूर्ण तुटलेलं नव्हतं, पण धडही नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं की व्यायामानं चालू शकेल, कदाचित. तुटलं तर शस्त्रक्रिया आणि मग आठ-नऊ महिने. तो रिपोर्ट माझ्याच मोटारसायकलच्या डिक्कीतून गावात आला, म्हणून मला माहीत.

दोन महिन्यांनी एका संघासाठी पोरं बघत फिरणारे एक गृहस्थ येणार असल्याचं कळलं. चाचणी रविवारी. शुक्रवारी संध्याकाळी पोरगा शाळेच्या फाटकाशी उभा.

“सर, तुमी त्या गोष्टीचं काई बोलू नका. मी नाई सांगत. पह्यले निवड तं होऊ द्या.”

मी त्याला घेऊन त्याच्या घरी गेलो. बाप ओट्यावर बसला होता. मी पुन्हा एकदा, रिपोर्टमध्ये काय आहे, डॉक्टर काय म्हणाले, काय होऊ शकतं, काय होणारही नाही, हे दोघांनाही सांगितलं. बाप ऐकून घेत होता. मग म्हणाला, “सर, बगीच्यात डिंक्या लागला असन तं आपन व्यापाऱ्याले दाखवतो का?”

याला उत्तर देणं सोपं नाही. खरंच, दाखवत नाही. व्यापाऱ्याचे डोळे व्यापाऱ्याकडे. त्याला दिसलं तर भाव पडेल, नाही दिसलं तर त्याचं नशीब. आणि व्यापारी तरी कुठे सांगतो, की नागपूरच्या मार्केटमध्ये काल काय भाव फुटला! दोन्हीकडून झाकूनच सौदा होतो. मग एका गरीब पोरानंच सगळं उघडं करून बसायचं, हा कुठला न्याय?

मी त्यावर शनिवारभर विचार केला. जे सुचलं ते असं.

डिंक्या लागलेलं झाड व्यापाऱ्यानं घेतलं तर नुकसान व्यापाऱ्याचं. झाडाचं जे व्हायचं ते होणारच होतं. गुडघ्याचं तसं नाही. झाकलेला गुडघा निवडून गेला तर त्यावर दिवसातून दोनदा सराव होणार, आणि तो तुटला तर संघाचे काही हजार जातील, पोराचा गुडघा जाईल. म्हणजे लपवण्यात तो दुसऱ्याला फसवतोय असं दिसतं, पण पणाला लावलंय ते स्वतःचं. इथं विकणारा आणि झाड एकच आहे, आणि ‘व्यापाऱ्याचं नशीब’ हे उत्तर इथं चालत नाही ते त्यामुळेच.

दुसरं, त्या चाचणीला आणखी पोरं येणार होती. जागा थोड्या. माझ्या गप्प राहण्यानं एकाची जागा जाणार, तो कोण हे मला कधी कळणारही नाही. ज्याचा चेहरा समोर नाही त्याच्यावरचा अन्याय आपल्याला हलका वाटतो, एवढंच.

पण म्हणून मी उठून त्या गृहस्थांना आधीच सांगावं का? ते मला पटत नाही, आजही नाही. ती माहिती माझी नव्हती. मी ती डिक्कीतून आणली म्हणून ती माझी होत नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांटनं १७८५ च्या एका पुस्तकात एक भेद केला आहे: ज्या वस्तूच्या जागी तेवढ्याच मोलाचं दुसरं काही ठेवता येतं तिला किंमत असते, माणसाच्या जागी तसं काही ठेवता येत नाही, म्हणून त्याच्याकडे जे असतं त्याला किंमत म्हणू नये. मराठीत हा भेद घोटाळ्यात टाकतो, कारण आपण ‘त्याला गावात काही किंमत नाही’ असंही म्हणतो आणि ‘बैलाची किंमत किती’ असंही. पण बैलबाजारात एक गोष्ट साफ असते. बैलाचा जबडा उघडून दात मोजतात, दोन दाती की सहा दाती, आणि बैलाला कुणी विचारत नाही. पोराचे दात मोजायचेच असतील तर जबडा त्यानं उघडला पाहिजे. मला वाटतं, या मोजण्याच्या धंद्यात माणूस माणूस राहतो तो एवढ्याशा जागेतच.

म्हणून मी शनिवारी रात्री त्याला एवढंच सांगितलं: मी आपणहून बोलणार नाही. पण मला विचारलं तर खोटंही बोलणार नाही, ‘त्यालाच विचारा’ म्हणेन. आणि ‘त्यालाच विचारा’ या शब्दांचा अर्थ कुणालाही कळतो. तेव्हा तू आधीच सांगितलेलं बरं.

रविवारी त्यानं चढाया केल्या. सहा-सात गुण घेतले. एकदा त्याच्या घोट्यावर डाव्या कोपऱ्याची पकड बसली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, तो सुटून आला. खेळ संपल्यावर गृहस्थ माझ्याकडे येण्याआधी तो त्यांच्याकडे गेला. लांबून मला फक्त एवढं दिसलं की त्यांनी त्याला उठाबशा काढायला लावल्या, एका पायावर उड्या मारायला लावल्या, गुडघ्याला हात लावून बघितला आणि वहीत काहीतरी लिहिलं. “सहा महिने व्यायाम कर, पुढच्या वर्षी बघू,” असं म्हणाले. माणूस वाईट नव्हता. त्याच्या जागी मीही दुसरं काही लिहिलं नसतं.

आमच्या मंडळाचे प्रशिक्षक माझ्यावर चिडले. ते अजूनही पूर्वीसारखे बोलत नाहीत. त्यांचं म्हणणं, गरिबाच्या पोराला एकच दार उघडतं, तिथं प्रामाणिकपणाची परीक्षा घेणारे तुम्ही कोण? हा त्यांचा मुद्दा मी झटकून टाकणार नाही. खरं बोलण्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. अमेरिकेत लॅटिमोरसारख्या खेळाडूंना निदान विमा काढता येतो: दुखापतीनं निवडीतली किंमत घसरली तर भरपाई देणाऱ्या पॉलिसी असतात. आमच्याकडे काय आहे? गंमत बघा, आमच्या संत्र्याला आहे. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत अंबिया बहाराचं संत्रं बसतं. नियमात बसणारी गारपीट झाली तर संत्र्याला पैसे येतात. त्या बगीच्यात तोडणी करणाऱ्याच्या पोराचा गुडघा कुठल्याच योजनेत बसत नाही. तो गावच्या स्पर्धेत ज्या मंडळाचं नाव छातीवर लावून खेळतो, ते मंडळ मॅटचं भाडं देतं, जेवण देतं, टी-शर्ट देतं. एमआरआयचे पैसे त्याच्या बापानं उसने घेतले. प्रशिक्षकांना मी एवढंच म्हणालो, की दार एकच आहे याचा राग त्या वहीवाल्यावर किंवा माझ्यावर काढण्याआधी स्पर्धेच्या वर्गणीतून दहा टक्के दुखापतीसाठी बाजूला ठेवू. त्यावर अजून बैठक झालेली नाही. डीजेसाठी मात्र दोन झाल्या.

आणि अंदाज चुकतात, हेही आहेच. आपल्याच जिल्ह्यातला उमेश यादव. खाण कामगाराचा मुलगा, टेनिस बॉलवर खेळणारा, पोलीस भरतीत निवड न झालेला. त्याच्या पायांत कुणाला काही दिसलं असेल तर ते पाळण्यात नव्हे, चांगलं विशीच्या आसपास. २०११ मध्ये तो कसोटी खेळणारा विदर्भाचा पहिला खेळाडू झाला. तिकडे सॅक्वॉन बार्कली, २०१८ च्या ड्राफ्टमधला दुसऱ्या क्रमांकाचा रनिंग बॅक. गुडघ्याच्या दुखापतीतून उठलेला. त्याच्या जुन्या संघानं २०२३ मध्ये त्याच्याशी लांबचा करार केला नाही. पुढच्याच वर्षी दुसऱ्या संघाकडून तो एका हंगामात २००५ यार्ड पळाला आणि तो संघ विजेता ठरला. अशी उदाहरणं पोरांना सांगायला मला आवडतात, पण जपून सांगतो. एका उमेशमागे जे परत आलेच नाहीत त्यांची नावं मला माहीत नाहीत, आणि शितावरून भाताची परीक्षा वहीवाल्यानं करू नये तर मीही करू नये.

आमचा पोरगा सध्या सकाळी सहाला शाळेच्या मैदानावर येतो. मांडीचा व्यायाम, भिंतीला टेकून बसणं, एका पायावर तोल सांभाळणं. डॉक्टरांनी छापून दिलेला कागद त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलाय. पोलीस भरतीचा अर्ज भरायचा ठरवलंय, बापाच्या आग्रहानं. कबड्डी सोडायची नाही, स्वतःच्या आग्रहानं. आणि एक नवीन गोष्ट सुरू केली आहे. प्रत्येक स्पर्धेनंतर वहीत लिहितो: किती चढाया, किती पकडी अंगावर आल्या, रात्री गुडघा कसा होता. मागच्या महिन्यात सावरगावकडच्या एका स्पर्धेत उपांत्य सामन्यानंतर त्यानं वही काढली, बेरीज केली आणि प्रशिक्षकांना सांगितलं की अंतिम सामन्यात मी फक्त तिसरी चढाई करीन, बाकीच्या दुसऱ्याला द्या. प्रशिक्षक माझ्याकडे बघायला लागले. मी शिट्टी गळ्यात अडकवली आणि त्यांना म्हणालो, त्यालाच विचारा.